निकालाखाली सही दुसऱ्याची असेल, तरी चालेल?

एका वकील वाचक भगिनींचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा गोषवारा देते.

त्या चौतीस वर्षांच्या आहेत. नऊ वर्षं फौजदारी वकिली केली, त्यातली पहिली पाच एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली आणि पुढची स्वतंत्र. अधूनमधून वर्तमानपत्रांत कायद्यावर लिहितात. युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय न्यायालयात असोसिएट लीगल ऑफिसर, म्हणजे सहायक विधी अधिकारी म्हणून त्यांची निवड झाली आहे. काम न्यायाधीशांच्या दालनात आहे. करार एका वर्षाचा. तो वाढू शकतो, पण हमी नाही. होकार कळवायला तीन आठवडे आहेत. ‘इथे एखाद्याला जामीन मिळवून देते, एखाद्याला नाही देऊ शकत. तिथे गेले तर खऱ्या अर्थाने न्यायाचं काम करेन,’ असं त्या लिहितात. त्यांचे सीनियर मात्र म्हणतात की ही इंग्रजीतली कारकुनी आहे. पाच वर्षं तिथे काढलीस तर परत आल्यावर कोणी ओळखणार नाही. पती शिक्षक आहेत, मुलगी पहिलीत आहे. अशा न्यायालयांवर निर्बंध आल्याच्या बातम्या वाचून घरचे धास्तावले आहेत. शेवटी त्या विचारतात : ‘नाही म्हटलं तर ही संधी पुन्हा येणार नाही, हे कळतं. मग हो म्हणायला मन का कचरतंय?’

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पगार, घर, मुलीची शाळा, सीनियरांचं मत, बातम्या, सगळं त्यात आहे. एक गोष्ट मात्र कुठेच सापडली नाही. सकाळी कामावर बसल्यापासून संध्याकाळी उठेपर्यंत तुम्ही तिथे नेमकं काय करणार, याबद्दल एक ओळही नाही. मन कचरतंय ते बहुधा तिथेच. एका मोठ्या नावाला तुम्ही हो किंवा नाही म्हणायला निघाला आहात आणि त्या नावामागचं काम अजून डोळ्यांसमोर आलेलं नाही. मी अशा एका न्यायालयाच्या दालनात काही वर्षं काम केलं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुमच्यासारख्या न्यायालयात खटला साधारणपणे तीन न्यायाधीशांपुढे चालतो, अपील पाच जणांपुढे. अभियोक्त्यांचा, म्हणजे आरोप ठेवून खटला चालवणाऱ्या पक्षाचा अर्ज येतो, बचावपक्षाचं उत्तर येतं, पीडितांच्या वकिलांचं म्हणणं येतं. हे सगळं आधी विधी अधिकारी वाचतो आणि टिपण तयार करतो : मुद्दा काय, दोन्ही बाजू काय म्हणतात, आधीचे निर्णय काय सांगतात, कोणते पर्याय खुले आहेत. न्यायाधीश चर्चा करून दिशा ठरवतात आणि मसुदा लिहायला तुमच्याकडे येतो. तो तिघांकडे फिरतो. एक जण परिच्छेद काढायला सांगतो, दुसरा तोच ठेवायला सांगतो, तिसऱ्याला भाषा कडक वाटते. तुम्ही पुन्हा लिहिता. साक्षी चालू असतील त्या दिवशी न्यायाधीशांच्या आसनाखालच्या रांगेत बसून टिपणं घ्यायची, संध्याकाळी साक्षीचा गोषवारा करायचा. तुमच्या तोंडून कोर्टात एक शब्दही निघत नाही.

निकालपत्राची वेळ आली की काम किती वाढतं याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देते. युगांडातल्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाचा कमांडर डॉमिनिक ऑन्गवेन याच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 4 फेब्रुवारी 2021 रोजी निकाल दिला. ते निकालपत्र 1077 पानांचं आहे. त्यात घटनेबद्दलच्या जवळपास प्रत्येक विधानाला तळटीप आहे आणि तळटिपेत साक्षीच्या प्रतिलेखाचा, म्हणजे शब्दशः नोंदीचा क्रमांक, पान, ओळी. त्यातली प्रत्येक ओळ कोणीतरी मूळ साक्षीशी पडताळून पाहिलेली असते. साक्षीदार ‘त्यांनी घर जाळलं’ म्हणाला होता की ‘घर जळताना पाहिलं’ म्हणाला होता, हा फरक अपिलात खटला उलटवू शकतो. नऊ वर्षं उलटतपासणी केलेल्या बाईला हे मी सांगायला नको.

मग निकालाची जाहीर प्रत काढायची. मला या कामातला सगळ्यात जबाबदारीचा भाग हाच वाटतो आणि बाहेर त्याबद्दल कोणी बोलत नाही. समजा, एका साक्षीदार बाईचं नाव संरक्षित आहे. नाव काळं करणं सोपं. पण सत्तर पानांनंतरच्या एका तळटिपेत राहून जातं की ती बाई सुईण होती आणि शाळेच्या मागे राहायची. त्या गावात सुईण एकच असते. वाचणाऱ्याला मग नावाची गरजच उरत नाही. म्हणून सगळा मजकूर गावातल्या माणसाच्या नजरेने पुन्हा वाचायचा : हिचा शेजारी हे वाचेल तेव्हा त्याला काय कळेल? साक्षीदारांच्या सुरक्षेची जबाबदारी रोम कराराच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या कराराने स्थापन झालं त्याच्या, 68व्या कलमाने न्यायालयावर टाकलेली आहे. ती प्रत्यक्षात पार पडते ती अशा रात्री उशिरापर्यंत चाललेल्या वाचनातून. हे काम चोख झालं तर कोणालाच कळत नाही. चुकलं तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं.

सीनियर याला कारकुनी म्हणत असतील तर त्यांनी ते जवळून पाहिलेलं नाही. पण त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येते.

आधी तुमचं पहिलं गृहीतक. ‘खऱ्या अर्थाने न्यायाचं काम’ तिथे होतं आणि इथे होत नाही, हे मला पटलेलं नाही. जामिनाच्या अर्जावर तुम्ही उभ्या राहता तेव्हा समोरच्या माणसाचा पुढचा महिना कोठडीत जाईल की घरी, हे तुमच्या तयारीवर अवलंबून असतं आणि त्याचं उत्तर तुम्हाला त्याच आठवड्यात मिळतं. तिथे उत्तर यायला वर्षं लागतात आणि ते उत्तर तुमच्या मनासारखं असेल असं अजिबात नाही. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष जाँ-पिएर बेम्बा यांना आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात मार्च 2016 मध्ये दोषी ठरवलं गेलं, अठरा वर्षांची शिक्षा झाली आणि जून 2018 मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी ते निर्दोष सुटले. आता त्या इमारतीतल्या विधी अधिकाऱ्यांचा विचार करा. कोणी मूळ निकालावर काम केलं होतं, कोणी अपिलातल्या बहुमतासाठी, कोणी त्या दोन भिन्न मतांसाठी. सगळ्यांनी सचोटीने काम केलेलं असू शकतं आणि तरी कोणाच्या तरी कामाचा निष्कर्ष पुसला गेला.

वकील म्हणून तुम्ही एका बाजूच्या आहात. आपली बाजू हरली तर ‘न्यायाधीश चुकले’ म्हणायची मुभा तुम्हाला आहे. अपील करता येतं, लेख लिहिता येतो, निदान बाररूममध्ये चहा घेताना मन मोकळं करता येतं. विधी अधिकाऱ्याला यातलं काहीच नसतं. तुम्ही टिपणात पूर्ण ताकदीने लिहिलंत की हा पुरावा ग्राह्य धरू नये. न्यायाधीशांनी ते वाचलं, तुमचे आभार मानले आणि तो ग्राह्य धरायचं ठरवलं. आता त्या निर्णयाची कारणं तुम्हालाच लिहायची आहेत, आणि अशी लिहायची आहेत की उद्या अपिलात ती टिकावीत. कुरकुरत लिहिलेलं चालत नाही. मुद्दाम एखादा दुवा कच्चा ठेवणं तर सरळ बेइमानी. हे तुम्हाला जमेल का? मनापासून जमेल का? माझ्या मते हो की नाही हे ठरवणारा प्रश्न एवढाच आहे, बाकीच्या अडचणींवर तोडगे निघतात.

हा प्रश्न नुसता विचार करून सुटत नाही, म्हणून एक उपाय सुचवते. तुमचाच एक हरलेला खटला काढा, ज्यातला निकाल आजही सलतो असा. त्या न्यायाधीशांच्या जागी बसून तोच निष्कर्ष देणारं तीन पानांचं निकालपत्र लिहा, त्यांनी लिहिलं त्याहून चांगलं. तुमच्या बाजूचा सर्वांत जोरदार युक्तिवाद त्यात प्रामाणिकपणे मांडा आणि मग तो का मान्य होत नाही हे पटेल असं लिहा. त्या खटल्याशी संबंध नसलेल्या एखाद्या वकील मैत्रिणीला ते वाचायला द्या आणि विचारा : लिहिणारी कोणत्या बाजूची वकील होती? तिला ओळखता आलं तर तुमचा हात अजून वकिलाचा आहे. तसं निघालं तरी खचू नका, सवयीने बदलतो तो. महत्त्वाचं हे की लिहिताना तुम्हाला काय वाटलं. विरुद्ध बाजूचा विचार इतक्या नीट पारखण्यात रस वाटला, की तीन पानं लिहिताना घुसमट झाली? घुसमट झाली असेल तर तिचा मान राखा. चांगले वकील होण्यासाठी लागणारी ऊर्मीच काहींना या कामात सुखी होऊ देत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. अशांसाठी त्याच न्यायालयांत बचावपक्षाच्या किंवा पीडितांच्या वकिलांच्या चमूत जागा असतात, अभियोक्त्यांच्या कार्यालयात असतात. न्यायालय तेच, स्वभावाला जुळणारी खुर्ची वेगळी.

आता सीनियरांची गोष्ट. नाव होत नाही, हे खरं आहे. निकालाखाली सही न्यायाधीशांची, आणि ती त्यांचीच असायला हवी. शपथ त्यांनी घेतलेली असते, निर्णय त्यांचा असतो. कोणता परिच्छेद आपण लिहिला हे नोकरी सुटल्यावरही सांगता येत नाही, कारण विचारविनिमयाची गुप्तता राखण्याचं वचन तुमच्या कराराबरोबर संपत नाही. पुढच्या मुलाखतीत ‘अमुक निकाल मी लिहिला’ म्हणणाऱ्याला अनुभवी माणसं त्याच वाक्यावर बाद करतात.

पण पत्रात तुम्ही जिथे चिंता व्यक्त केली नाही, तिथे मला जास्त चिंता वाटते. तुम्ही वर्तमानपत्रांत लिहिता. ते जवळजवळ थांबेल. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्याला कोणत्याही सरकारकडून सूचना घेता येत नाहीत, हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या 100व्या कलमाचं तत्त्व या न्यायालयांच्या सेवानियमांतही असतं. त्याच्याच जोडीने बाहेर लिहिण्या-बोलण्यावर मर्यादा येतात. लेखासाठी, व्याख्यानासाठी आधी परवानगी लागते. ज्या युद्धाबद्दल सगळं जग बोलत असतं, त्याबद्दल समाजमाध्यमावर एक वाक्य लिहिणंही महागात पडू शकतं, कारण उद्या तेच प्रकरण तुमच्या दालनात येऊ शकतं. निनावी राहणं बऱ्याच जणांना जमतं. मत असून गप्प राहणं फार थोड्यांना जमतं. तुम्ही कोणत्या गटातल्या, हे पतींना विचारा. बातम्या बघताना तुम्ही काय करता हे त्यांना ठाऊक आहे.

परत आल्यावर कोणी ओळखणार नाही, हे वर्षभरात घडत नाही. पाच वर्षांत थोडंफार घडतं, ते नाकारण्यात अर्थ नाही : अशील दुसरीकडे जातात, उभं राहून बोलण्याची सवय मोडते. त्याच्या बदल्यात जे मिळतं त्याचा बाजारभाव सीनियरांना कदाचित माहीत नाही. ब्रिटिश वळणाची आणि फ्रेंच-जर्मन वळणाची अशा दोन्ही न्यायपद्धतींत वाढलेल्या तीन न्यायाधीशांना पटेल असा एकच मसुदा लिहिता येणं हे दुर्मिळ कसब आहे. हे काम केलेली माणसं पुढे विद्यापीठांत, परराष्ट्र मंत्रालयांत, लवादाच्या कामात, संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगांत दिसतात. काही जण त्याच न्यायालयांत वकील म्हणून परततात. आणि एक व्यवहाराची गोष्ट : पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते, असा नियम अनेक ठिकाणी आहे. तुमच्या बार कौन्सिलचा नियम आजच वाचा, परत सुरू करायची पद्धतही विचारून ठेवा. चालू खटले अशिलांच्या संमतीने, कागदांसकट, विश्वासू सहकाऱ्याकडे सोपवा. कोण सोपवून गेलं आणि कोण सोडून गेलं, हे बारमध्ये वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

‘संधी पुन्हा येणार नाही’ या वाक्याकडे जरा कठोरपणे बघू या. संयुक्त राष्ट्रांच्या श्रेणीपद्धतीत असोसिएट म्हणजे पी-2, त्यासाठी साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. पी-3ला पाच, पी-4ला सात. तुमचा अनुभव नऊ वर्षांचा आहे. म्हणजे कागदावर तुम्ही वरच्या पायऱ्यांनाही पात्र आहात आणि खालच्या पायरीवर चाललात. तिथे तुमच्या शेजारी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, तुमच्याहून या कायद्यात जास्त मुरलेली मुलं असतील आणि काही दिवस तीच तुम्हाला शिकवतील. ते चालणार असेल तर उत्तम. पण ‘एकदा आत शिरले की वर जाईन’ असं मनात असेल तर सावध व्हा : तिथे ज्येष्ठतेने बढती मिळत नाही. वरची जागा रिकामी झाली, जाहिरात निघाली, की बाहेरच्या शेकडो अर्जदारांबरोबर तुम्हीही अर्ज करायचा, लेखी परीक्षा द्यायची, मुलाखत द्यायची. कित्येक हुशार माणसं एकाच श्रेणीत वर्षानुवर्षं राहिलेली मी पाहिली आहेत.

याचाच अर्थ असा की आज नाही म्हटलंत तरी दार कायमचं लागत नाही. दोन-तीन वर्षांनी पी-3च्या जाहिरातीला तुम्ही बाहेरून अर्ज करू शकता. फक्त हेही खरं की एकदा आतून काम केलेल्या माणसाची लेखी परीक्षा वेगळी दिसते. तुमच्या वाक्यातली भीती मी अर्धी कमी करेन, पूर्ण नाही.

शिवाय ही न्यायालयंही अमर नसतात. माजी युगोस्लाव्हियासाठी 1993 साली स्थापन झालेलं न्यायाधिकरण 2017 अखेर बंद झालं, रवांडाचं 2015 अखेर, लेबननचं 2023 अखेर. आत काम करणारे उत्तम लोक शेवटच्या वर्षांत एकीकडे निकाल लिहीत होते आणि दुसरीकडे नोकऱ्यांचे अर्ज. स्थायी न्यायालयांतही जागा अर्थसंकल्पावर आणि खटल्यांच्या संख्येवर अवलंबून असतात. खटला संपला की दालनातली जागा संपू शकते. म्हणून विचार ‘करिअर बदलू का’ असा करू नका. एक वर्षाचं काम म्हणून ते करण्याजोगं आहे का, एवढंच विचारा. पुढचं पुढे.

निर्बंधांबद्दल घरच्यांना वाटणारी भीती खोटी नाही, ती नीट मोजली पाहिजे. 2020 मध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या तत्कालीन अभियोक्त्या फातू बेन्सूदा यांच्याबरोबरच त्यांच्या कार्यालयातले एक विभागप्रमुख फाकिसो मोचोचोको यांच्यावरही निर्बंध घातले होते. ते एप्रिल 2021 मध्ये उठले. फेब्रुवारी 2025 मध्ये नवा आदेश निघाला. आधी अभियोक्ते करीम खान आणि मग त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने अनेक न्यायाधीश यादीत आले. यादीत नाव आलं की अमेरिकेतली मालमत्ता गोठते, तिथे जाता येत नाही आणि बँका, कार्ड कंपन्या, इंटरनेट सेवा हात आखडता घेतात, अगदी युरोपातसुद्धा. रोख वरच्या पदांवर राहिला आहे, पण 2020चं उदाहरण सांगतं की तो केवळ निवडून आलेल्या पदाधिकाऱ्यांपुरता नव्हता. पी-2च्या माणसाला धोका कमी आहे असं माझं मत. शून्य आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत जवळचं कोणी असेल, तिथे शिक्षणाची किंवा नोकरीची योजना असेल, तर हा मुद्दा तुमच्यासाठी जड होतो. नसेल तर एकाच बँकेवर आणि एकाच ईमेलवर सगळा संसार टांगून ठेवू नये, इतकी काळजी पुरे.

मला जास्त काळजी दुसऱ्या दोन गोष्टींची वाटते. एक, दिवसेंदिवस बलात्कार, कत्तल, लहान मुलांना सैनिक बनवणं यांच्या साक्षी वाचणं. तुम्ही फौजदारी वकील आहात, रक्त नवं नाही. पण वकिलाला खटल्यात हालचाल करता येते, लढता येतं, आणि त्या लढण्यात मनावरचं ओझं थोडं हलकं होतं. इथे नुसतं वाचायचं आणि अचूक लिहायचं. झोप उडाली, मुलीला शाळेत सोडताना उगाच भीती वाटू लागली, तर ‘मी कणखर आहे’ म्हणत बसू नका. समुपदेशनाची सोय असते का आणि ती गोपनीय असते का, हे आधीच विचारून ठेवा. दुसरी, कामाच्या जागेचं वातावरण. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची पाहणी केलेल्या, रिचर्ड गोल्डस्टोन यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र तज्ज्ञ गटाने 2020च्या अहवालात दमदाटीच्या आणि भीतीच्या वातावरणाबद्दलच्या तक्रारी स्पष्ट नोंदवल्या आहेत. मानवी हक्कांचं काम करणाऱ्या इमारतीत माणसं आपोआप चांगली वागत नाहीत. आणि तिथे कर्मचाऱ्याला वरिष्ठांविरुद्ध यजमान देशाच्या कोर्टात सहसा जाता येत नाही, कारण संस्थेला तिथल्या खटल्यांपासून संरक्षण असतं; फौजदारी न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांचे सेवेबाबतचे वाद आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात आणि त्याला वेळ लागतो. म्हणून जाण्याआधी, त्या दालनात पूर्वी काम केलेल्या दोघांशी तरी फोनवर बोला. ईमेलवर कोणी खरं लिहीत नाही. ‘मसुदा परत येतो तेव्हा त्यावर काय लिहिलेलं असतं?’ असा एक प्रश्न विचारला तरी बरंच कळतं.

तुमच्यासारखी बरीच पत्रं येतात, विशेषतः अजून शिकणाऱ्यांची, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. सगळी आंतरराष्ट्रीय न्यायालयं एकसारखी नसतात. हेगच्या पीस पॅलेसमधलं संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय न्यायालय फक्त राष्ट्रांमधले वाद ऐकतं. तिथे आरोपी नाही, साक्षीदार क्वचित. पंधरा न्यायाधीश, सुनावणीनंतर ते आपापली लेखी टिपणं एकमेकांना देतात, मग मसुदा समिती, मग दोन वाचनं, आणि इंग्रजी-फ्रेंच दोन्ही पाठ जुळवणं. हवामानबदलावरचं जे सल्लागारी मत न्यायालयाने 23 जुलै 2025 रोजी दिलं, त्यासाठी 91 लेखी निवेदनं आली होती आणि तोंडी सुनावणीत 96 राष्ट्रं आणि 11 आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. एवढा कागद वाचून त्यातला मुद्दा वेगळा काढण्यात ज्याला आनंद वाटतो, त्याने तिथे जावं. त्या न्यायालयाची ज्युडिशियल फेलोशिप नव्या पदवीधरांसाठी चांगली वाट आहे. त्यासाठी विद्यापीठाने नाव सुचवावं लागतं. आणि विकसनशील देशांतल्या विद्यापीठांना खर्च झेपत नाही म्हणून 2020 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाने एक निधीही उभा राहिला. तुमच्या विद्यापीठाने कधी नाव पाठवलंच नसेल, तर अधिष्ठात्यांच्या दारात जाऊन विचारणारे पहिले तुम्ही व्हा. समुद्री कायद्यात रस असेल तर हॅम्बुर्गचं न्यायाधिकरण आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात अर्ज करताना आपला देश रोम करारात आहे का हे पाहा. सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य असतं. फ्रेंच कामापुरती तरी शिका, नुसतं इंग्रजी आज चालून जातं पण वरच्या जागेला अडतं. आणि नेमणुकीच्या कोणत्याही टप्प्यावर कोणी शुल्क, अनामत, व्हिसाचे पैसे मागितले तर तो लबाड आहे. ही न्यायालयं अर्जदाराकडून पैसे घेत नाहीत.

आता परत तुमच्याकडे. माझा कल तुम्ही जावं असा आहे. नऊ वर्षांच्या वकिलीनंतर एक वर्ष न्यायाधीशांच्या बाजूने विचार करायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्या दालनात कोणीच कधी उलटतपासणी घेतलेली नाही तिथे तुमच्यासारखीची नितांत गरज असते. साक्षीदार का अडखळला हे प्रतिलेखात दिसत नाही, ते कोर्टात उभं राहिलेल्यालाच दिसतं. अट एवढीच की तीन पानं लिहून झाल्यावरही तुम्हाला जावंसं वाटलं पाहिजे.

तोवर मनुष्यबळ विभागाला एक ईमेल पाठवा आणि उत्तर लेखी घ्या. करार ‘फिक्स्ड-टर्म’ (ठरावीक मुदतीचा) आहे की ‘शॉर्ट-टर्म’ (तात्पुरता), हे पहिलं विचारा, कारण स्थलांतराचा खर्च, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता, घरी जायची रजा, यातलं बरंच त्यावर ठरतं. पतींना तिथे काम करायची मुभा आहे का, आणि त्यासाठी वेगळा परवाना लागतो का, ते विचारा. वैद्यकीय विमा कोणत्या दिवसापासून, हेही. पेन्शनबद्दल फार स्वप्नं बघू नका. संयुक्त राष्ट्रांच्या पेन्शन फंडात पाच वर्षांआधी बाहेर पडलात तर नियमित पेन्शन मिळत नाही, आपण भरलेली रक्कम व्याजासह परत मिळते. करार संपायच्या किती आधी नूतनीकरण कळवतात, हे विचारायला संकोचू नका. चांगला विभाग या प्रश्नांवर नाराज होत नाही.

पत्रात पतींबद्दल तुम्ही ‘त्यांची हरकत नाही’ एवढंच लिहिलंय. हरकत नसणं म्हणजे होकार असेलच असं नाही. त्यांची नोकरी जाणार असेल किंवा बिनपगारी रजा घ्यावी लागणार असेल, तर वर्षानंतर करार वाढला नाही तर काय आणि वाढला तर काय, या दोन्हींवर आत्ताच बोला, आकडे समोर ठेवून. ‘शॉर्ट-टर्म’ असं उत्तर आलं तर पहिले सहा महिने तुम्ही एकटीने जावं आणि मुलीची शाळा मोडू नये, असं मी म्हणेन. ‘फिक्स्ड-टर्म’ असेल आणि पतींना काम करता येणार असेल, तर तिघं मिळून जा.